पनवेल ते गोवा, बिझनेस क्लासनं: माइल्सचा हिशेब

नकाशावर मुंबई विमानतळापासून पुण्याच्या लोहगावपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती जवळपास पनवेलच्या डोक्यावरून जाते. लांबी सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे 77 मैल. याच रेघेवर फेब्रुवारी 2019 मध्ये जेट एअरवेजनं मुंबई–पुणे विमान सुरू केलं होतं. कळंबोलीला शिवनेरी बस पकडून एक्सप्रेस वेनं पुणं गाठणाऱ्या पनवेलकरांना ही हौस वाटली असेल. विमानतळावर जा, तपासणीच्या रांगेत उभे राहा, विमान वर चढतंय तोवर उतरायला लागतं, आणि लोहगावहून पुन्हा रिक्षा.

पण अशा चिमुकल्या उड्डाणांकडे डोळे लावून बसलेली एक जमात जगभर आहे. तिला पुण्याला जायचं नसतं. तिला माइल्स हवे असतात. सकाळी जायचं, विमानतळावरच चहा प्यायचा आणि दुपारच्या विमानानं परत यायचं. जमलं तर बिझनेस क्लासमध्ये, कारण तिथे माइल्स जास्त. याला ‘माइलेज रन’ म्हणतात. आता पनवेलच्या दारातच विमानतळ आल्यावर आपल्याकडेही हा प्रश्न कानावर येऊ लागला आहे: गोव्याला नाहीतरी जायचंच आहे, मग थोडे पैसे टाकून बिझनेस क्लास घेतला तर माइल्स मिळतील ना? मिळतील. कितीला पडतील, हा खरा प्रश्न आहे.

या धंद्याचं मूळ अमेरिकेत आहे. 1978 मध्ये तिथल्या सरकारनं विमानभाडी आणि मार्ग यांवरचं नियंत्रण उठवलं आणि कंपन्यांमध्ये गिऱ्हाईक ओढण्याची चढाओढ लागली. 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडव्हान्टेज’ योजना आणली: आमच्या विमानानं जितके मैल उडाल तितके तुमच्या खात्यात, पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. काही दिवसांतच युनायटेडनं तसंच केलं आणि मग कुणालाच मागे राहणं परवडेना.

खात्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी जमतात, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. एक म्हणजे खर्चायचे माइल्स. ते देऊन तिकीट घ्यायचं किंवा इकॉनॉमीची सीट बिझनेसला अपग्रेड करून घ्यायची. दुसरे दर्जाचे पॉइंट. ते खर्च करता येत नाहीत. वर्षभरात ठरावीक संख्या गाठली की कंपनी तुम्हाला सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असं पद देते. पद मिळालं की इकॉनॉमीच्या तिकिटावरही वेगळा काउंटर, लाउंज, आधी बोर्डिंग, जास्तीचं सामान. एअर इंडिया जुलै 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे तिचा गोल्ड सदस्य या साखळीतल्या इतर कंपन्यांच्या विमानांतही गोल्डच धरला जातो. लेक न्यू जर्सीला असेल आणि दरवेळी भाजणी, मेतकूट आणि दिवाळी अंकांची एक जादा बॅग न्यायची असेल, तर या पदाची किंमत कुणा मावशींना आपण समजावून सांगायची गरज नाही.

माइलेज रन करणारे प्रामुख्यानं या दुसऱ्या गोष्टीच्या मागे असतात. डिसेंबर उजाडला, पदाला थोडेच पॉइंट कमी पडताहेत, आणि 31 तारखेनंतर पाटी कोरी होणार. मग मिळेल तिथलं स्वस्त तिकीट काढायचं आणि उडायचं.

लहान प्रवासच का, याचं उत्तर नियमांच्या फटींत होतं. कितीही जवळचं उड्डाण असलं तरी अनेक अमेरिकी कंपन्या किमान 500 मैल खात्यात टाकायच्या. म्हणजे आपल्या मुंबई–पुण्याएवढ्या 77 मैलांच्या उडीलाही 500. अशा चार उड्या जोडलेलं तिकीट मिळालं तर दोन हजार. सरळ एका विमानानं जाणारा मूर्ख आणि तीन ठिकाणी विमान बदलून जाणारा शहाणा, अशी ही उफराटी दुनिया होती.

लंडनमध्ये याचा आणखी नीटस प्रकार चालायचा. ब्रिटिश एअरवेजच्या जुन्या पद्धतीत युरोपातल्या बिझनेस क्लासच्या जवळच्या उड्डाणालाही 40 टियर (दर्जाचे) पॉइंट होते. ॲमस्टरडॅम लंडनपासून जेमतेम 230 मैलांवर. तरी पॉइंट पूर्ण 40. सिल्व्हरला 600 पॉइंट लागायचे, म्हणजे अशी 15 उड्डाणं. सेलच्या दिवसांत बिझनेसची स्वस्त तिकिटं उचलून लोक शनिवारी सकाळी ॲमस्टरडॅमला जात आणि संध्याकाळी घरी जेवायला परत येत. या युरोपीय ‘बिझनेस क्लास’मध्ये सीट बहुधा इकॉनॉमीचीच असते, फक्त मधली रिकामी ठेवतात आणि पुढे पडदा ओढतात. ते कुणाला खटकत नसे, कारण सीटसाठी कुणी आलेलंच नसे.

या वेडाचा कळस मात्र विमानात बसून नव्हे, जमिनीवर गाठला गेला. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातले एक सिव्हिल इंजिनीअर, डेव्हिड फिलिप्स, यांना किराणा दुकानात एका खाद्य कंपनीची जाहिरात दिसली: डब्यांवरचे बारकोड पाठवा आणि माइल्स मिळवा. त्यांनी हिशेब मांडला. त्या कंपनीचं सर्वांत स्वस्त उत्पादन पुडिंगचा कप, किंमत 25 सेंट. त्यावरच्या बारकोडाचे माइल्स मात्र महागड्या जेवणाच्या डब्याएवढेच. त्यांनी दुकानं पालथी घालून 12,150 कप विकत घेतले. आता एवढी लेबलं काढणार कोण आणि खाणार कोण? पुडिंग त्यांनी साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला देऊन टाकलं, बदल्यात संस्थेच्या स्वयंसेवकांनी लेबलं सोलून दिली, आणि दान केलं म्हणून आयकरात सूटही मिळाली. सुमारे 3,140 डॉलर खर्चून साडेबारा लाख माइल्स. आपल्याकडच्या पक्क्या व्यापाऱ्यानंही हात जोडावेत असा सौदा.

पुढे अमेरिकी टांकसाळीची पाळी आली. एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून सरकार ती दर्शनी किमतीला घरपोच पाठवत होतं, टपालखर्चही सरकारचाच. लोकांनी क्रेडिट कार्डावर नाणी मागवली, कार्डाचे माइल्स पदरात पाडून घेतले, आणि खोकी न फोडताच बँकेत नेऊन भरली. 2011 मध्ये टांकसाळीनं नाण्यांसाठी कार्ड घेणं बंद केलं.

कंपन्या हे सगळं बघत होत्या. लांबवर पण स्वस्तात उडणारा गिऱ्हाईक त्यांना नकोच होता. त्यांना जास्त पैसे देणारा हवा होता. म्हणून मोजमापच बदललं. डेल्टानं जानेवारी 2015 पासून, युनायटेडनं त्याच वर्षी मार्चपासून आणि ‘ॲडव्हान्टेज’ची जननी असलेल्या अमेरिकननं ऑगस्ट 2016 पासून माइल्स अंतरावर देणं थांबवून तिकिटाच्या पैशांवर द्यायला सुरुवात केली. एअर इंडियानं आपली ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना एप्रिल 2024 मध्ये त्याच वळणावर नेली. तीच आज ‘महाराजा क्लब’ आहे. ब्रिटिश एअरवेजनं 1 एप्रिल 2025 पासून टियर पॉइंटही खर्चाला जोडले. सिल्व्हरला आता 7,500 पॉइंट लागतात आणि मुख्य हिशेब एका पौंडाला एक पॉइंट असा आहे. शनिवारची ॲमस्टरडॅमवारी त्या दिवशी संपली.

नाव अजून माइल्स असलं तरी मैलांशी त्यांचा संबंध या कंपन्यांत फारसा उरलेला नाही. खर्चाच्या काही टक्के परतावा, एवढाच त्याचा अर्थ. आणि परतावा मिळवण्यासाठी खर्च वाढवायचा, हे गणित कुठल्याही दुकानात बसत नाही.

आता पनवेलकडे येऊ. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं आणि 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोल्ही, चिंचपाडा अशी दहा गावं उठली, उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, तेव्हा ती धावपट्टी झाली. जमिनीच्या मोबदल्यात द्यायच्या साडेबारा टक्क्यांपासून साडेबावीस टक्क्यांपर्यंतच्या भूखंडांचा इतिहास पनवेल-उरणमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ असतो, तो इथे उगाळत नाही. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव विमानतळाला मिळावं म्हणून इथले लोक रस्त्यावर का उतरले, हे मात्र विमानात बसणाऱ्यानं माहीत करून घ्यावं.

या विमानतळावरून पहिल्या दिवशी उडालेल्या कंपन्या होत्या इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा आणि स्टार एअर. म्हणजे बहुतांशी एकाच वर्गाची, स्वस्त तिकिटांची विमानं. इंडिगोनं नोव्हेंबर 2024 मध्ये ‘स्ट्रेच’ नावानं 12 मोठ्या सीटा आणल्या, पण त्या दिल्ली–मुंबईसारख्या निवडक मार्गांसाठी. खास उल्लेख करावा तो स्टार एअरचा. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची ही कंपनी जानेवारी 2019 पासून उडते आहे, आणि तिच्या एम्ब्राएर 175 विमानात 12 सीट बिझनेसच्या, 64 इकॉनॉमीच्या. कोल्हापूरकरांनी बिझनेस क्लास चालवावा आणि दिल्लीकरांनी त्यात बसावं, हे मला तरी मनापासून आवडतं. मात्र नावावरून गफलत नको: स्टार एअरचा आणि स्टार अलायन्सचा काही संबंध नाही. इथे बिझनेसमध्ये बसून तिकडचा गोल्ड मिळत नाही.

बिझनेसमध्ये बसून महाराजा क्लबचे पॉइंट हवे असतील तर बिझनेस क्लास असलेलं एअर इंडियाचं विमान शोधावं लागेल आणि तिकिटाचे आकडे समोर ठेवावे लागतील. तेच करून बघू. पुढचे भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत, कर मात्र खरे आहेत.

समजा, गोव्याचं इकॉनॉमीचं मूळ भाडं 5,000 रुपये आणि बिझनेसचं 20,000. इकॉनॉमीवर जीएसटी 5 टक्के, म्हणजे 250. बिझनेसवर पूर्वी 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला, म्हणजे 3,600. विमानतळाची शुल्कं दोन्हीकडे सारखी धरून सोडून देऊ. एक तिकीट 5,250 ला, दुसरं 23,600 ला. फरक 18,350 रुपयांचा.

आता मिळकत. समजा, शंभर रुपयांमागे सहा पॉइंट मिळतात. करांवर सहसा पॉइंट मिळत नाहीत, म्हणून मूळ भाडंच मोजायचं: इकॉनॉमीला 300, बिझनेसला 1,200. जास्तीचे 900 पॉइंट. एका पॉइंटची किंमत पन्नास पैसे धरली तर 450 रुपये. उदार मनानं रुपया धरा, 900 रुपये. त्यासाठी साडेअठरा हजारांच्या आसपास जादा मोजायचे. नुसत्या जीएसटीतला फरकच 3,350 रुपयांचा आहे. पॉइंटांच्या किमतीच्या कित्येक पट रक्कम तिथेच गेली. उरणच्या बंदरात क्लिअरिंगचं काम करणाऱ्या कुणी कंपनीच्या कामासाठी, कंपनीचा जीएसटी नंबर देऊन तिकीट काढलं, तर त्या कराचं क्रेडिट परत मिळू शकतं. सहकुटुंब मंगेशीला निघालेल्याला ती सोय नाही.

आणि 18,350 रुपयांत प्रत्यक्षात हाती काय येतं? साधारण चारशे किलोमीटरचं अंतर. विमान धावपट्टीवरून उठल्यावर दहा-बारा मिनिटांनी पट्ट्याचा दिवा विझतो आणि उतरण्याची तयारी सुरू व्हायला त्यानंतर जेमतेम अर्धा तास असतो. तेवढ्यात गरम रुमाल येतो, ट्रेवर पांढरं कापड अंथरलं जातं, चिनी मातीच्या ताटलीत खाणं आणि स्टीलचे खरे काटे-चमचे येतात. प्रवाशाचा दुसरा घास तोंडात असतो तेव्हा हवाई सेविकेची नजर ट्रे उचलायला लागलेली असते, कारण तिला तो उतरण्याआधी आत बंद करायचा असतो. रुंद सीट सुखाची असते यात शंका नाही. एअर इंडियाच्या नव्यानं सजवलेल्या ए-320 मध्ये 164 पैकी आठच सीट बिझनेसच्या आहेत, त्यामुळे आधी उतरायला मिळतं. उतरून पुन्हा सगळ्यांबरोबर बॅगांच्या पट्ट्याशी उभं राहायचं असतं, तुमची बॅग आधी आली तर आली. लाउंजचं म्हणाल, तर बँकेच्या डेबिट कार्डावर दोन रुपये स्वाइप करून आत शिरलेली मंडळी तिथे आधीच उपमा वाढून घेत असतात.

ब्रिटिश सरकारच्या कार्बन-हिशेबात जवळच्या प्रवासातली बिझनेसची सीट इकॉनॉमीच्या दीडपट धरली जाते. पॉइंटांसाठी रिकामी चक्कर मारणाऱ्यानं ही बाजूही पाहावी.

पैशाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे माइल्स कुणाच्या मालकीचे. छापते कंपनी, भाव ठरवते कंपनी, आणि तो बदलतेही कंपनी, तुम्हाला न विचारता. काल 10,000 ला मिळणारं तिकीट उद्या 15,000 ला झालं तर दाद मागायला जागा नसते. या छापखान्याची कमाई केवढी, हे कोविडमध्ये उघड झालं. 2020 मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडनं आपली माइल्सची योजना तारण ठेवून कर्ज उभारलं. त्या योजनेचं मोल सुमारे 22 अब्ज डॉलर लावलं गेलं. शेअर बाजारात त्या वेळी अख्ख्या कंपनीची किंमतही एवढी नव्हती. कारण माइल्सचा मोठा ग्राहक प्रवासी नसतोच, बँका असतात. त्या विमान कंपनीकडून माइल्स घाऊक विकत घेतात आणि क्रेडिट कार्डवाल्यांना वाटतात.

कंपनीच बुडाली तर काय, हे महाराष्ट्रानं जवळून पाहिलं आहे. किंगफिशरचा परवाना ऑक्टोबर 2012 मध्ये निलंबित झाला आणि ‘किंग क्लब’चे पॉइंट साठवणाऱ्यांकडे नुसते आकडे राहिले. जेट एअरवेजचं मुंबई–पुणे विमान सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले तोच, 17 एप्रिल 2019 रोजी, जेटची सगळीच विमानं थांबली. जेटची ‘जेटप्रिव्हिलेज’ योजना मात्र वेगळ्या कंपनीत होती आणि त्या कंपनीत अबुधाबीच्या एतिहादचा 50.1 टक्के वाटा होता, म्हणून ती लगेच मेली नाही. त्याच वर्षी तिचं नाव ‘इंटरमाइल्स’ झालं. पण जेटची फुकट तिकिटं आणि पदं, ज्यांच्यासाठी लोकांनी इतकी वर्षं हिशेब ठेवले, ती गेलीच. विस्ताराच्या सदस्यांचं नशीब बरं. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि त्यांचे पॉइंट एकास एक प्रमाणात इकडे आले.

मग पनवेलकरानं माइल्सचा नादच सोडावा का? तसं नाही. गंमत उलट्या दिशेनं आहे. माइल्स लहान प्रवासात कमवायचे नसतात आणि लहान प्रवासात उडवायचेही नसतात. ते जमवावेत रोजच्या होणाऱ्याच खर्चातून, म्हणजे कार्डावर भरलेला किराणा, विमा, शाळेची फी यांतून. तेही कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण फेडत असाल तरच, कारण थकबाकीवरचं व्याज कितीही माइल्स गिळून टाकतं. कार्डाचे पॉइंट एकाच कंपनीकडे लगेच वळवू नयेत. जायचं ठरेपर्यंत बँकेतच राहू द्यावेत, म्हणजे एका कंपनीनं भाव बदलला तर दुसरीकडे वळता येतं. आणि खर्चावेत ते लांबच्या रात्रीच्या विमानात. मुंबई–लंडन हा नऊ-दहा तासांचा प्रवास; तिथे आडवं होऊन झोपता आलं तर साठीच्या गुडघ्यांना फरक कळतो, आणि तेच तिकीट रोखीनं घ्यायला गेलं तर आकडा लाखांत असतो. गोव्याच्या सीटला एवढी किंमत कधीच येत नाही.

केंद्र सरकारच्या नोकरीतल्या वाचकांसाठी एक सूचना: सरकारी कामाच्या प्रवासात मिळालेले माइल्स सरकारी प्रवासासाठीच वापरायचे, असा नियम आहे.

गोव्याला बिझनेस क्लासनं खुशाल जा. लग्नाचा वाढदिवस असेल, गुडघा दुखत असेल, शेवटच्या घटकेला दोन हजारांत अपग्रेड मिळत असेल, तर ही सगळी रास्त कारणं आहेत. पॉइंट हे कारण नव्हे. कुठल्याही वर्गात बसा, तिकिटावर आपला सदस्य क्रमांक टाकायला विसरू नका. इकॉनॉमीचेही पॉइंट मिळतात. आणि पैसे भरण्याआधी विमानतळाचा कोड वाचा. ‘मुंबई’ असं शोधलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येतात. एनएमआय असेल तर घरातून रिक्षानं निघता येईल. बीओएम असेल तर वाशीचा पूल, सायनची कोंडी आणि दोन तास आधी निघणं काही चुकत नाही.